जपानातले स्टेशनरी मेळे: कुठल्या मेळ्याला जावं, काय घ्यावं, काय दुकानावर सोडावं

टीपकागद

भटकंतीच्या प्रत्येक दुसऱ्या धाग्यावर 'टोक्योला जातोय, स्टेशनरीचा मेळा गाठता येईल का' हा प्रश्न येतो आणि उत्तरं इकडेतिकडे विखुरतात. म्हणून हा वेगळा धागा. माहिती असणाऱ्यांनी भर घालावी, तारखांच्या बाबतीत मात्र त्या त्या मेळ्याच्या अधिकृत पानावरच विसंबावं. जागा आणि वेळा दरवर्षी थोड्याफार हलतात.

आधी एक घोळ निस्तरू. 'स्टेशनरीचा मेळा' या नावाखाली जपानात निदान चार वेगळ्या गोष्टी चालतात.

आयसॉट हे व्यापाऱ्यांचं प्रदर्शन. टोक्यो बिग साइटमध्ये भरतं, 'निहोन बुंगु ताइशो' हा स्टेशनरीचा मानाचा पुरस्कार याच्याशीच जोडलेला आहे. पण हे दुकानदार आणि आयातदारांसाठी आहे. नोंदणी लागते, व्हिजिटिंग कार्ड मागतात, १८ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत आणि हौशी माणसाला चार वस्तू सुट्या विकत घेता येतील असं तिथे गृहीत धरू नये. शाळा-कॉलेजांना माल पुरवणाऱ्यांनी जरूर जावं. बाकीच्यांनी नाव बघून हुरळून जाऊ नये.

बुंगु जोशी हाकू हा सर्वसामान्य ग्राहकांचा सगळ्यात गाजलेला मेळा. २०१७च्या डिसेंबरात टोक्यो र्यूत्सू सेंटरला सुरू झाला, अलीकडे योकोहामातल्या पॅसिफिको सभागृहांत भरतो. नावात 'जोशी' म्हणजे बायका-मुली असल्या तरी पुरुषांना आडकाठी नाही. मोठा मेळा डिसेंबरात. 'पेती' नावाच्या छोट्या आवृत्त्या वर्षभर इतर शहरांत फिरतात.

कामीहाकू म्हणजे कागदाचा मेळा. तेगामीशा ही चोफूची मंडळी भरवतात. चित्रकार, लेटरप्रेसवाले, छोटे छापखाने, रबरी शिक्के करणारे, वाशी टेप (जपानी कागदी चिकटपट्टी), पाकिटं आणि पत्रांचे कागद. टोक्योत हा असाकुसातल्या ताइतोकान इमारतीत होतो, शिवाय इतर शहरांतही जातो. पेनांसाठी इथे जाण्यात अर्थ नाही.

चौथा पेन शो. टोक्यो इंटरनॅशनल पेन शो २०१८पासून, शरद ऋतूत, तोही असाकुसात. फाउंटन पेनं, उरुशीचं (जपानी लाखेचं) काम, जुनी पेनं, निब घासून देणारे कारागीर, दुकानांच्या खास शाया.

ओसाकाकडे जाणाऱ्यांनी ऑगस्टमधला बुन्शी मेस्से लक्षात ठेवावा. माय डोम ओसाकात असतो, साकाइसुजी-होम्माची स्टेशनवरून चालत. तिथे कंपन्यांची माणसं स्वतः उभी राहून वस्तू हातात देतात. कातर्‍या, स्टेपलर, फायली, ऑफिसातल्या वस्तू ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांपेक्षा हा उजवा, असं माझं मत.

कर्वेनगरकर

छान धागा. डिसेंबरात योकोहामाचा मेळा धरायचा विचार आहे. तिकीट भारतातूनच काढून ठेवता येतं का?

मिनातो

@कर्वेनगरकर, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मोठ्या मेळ्यांची तिकिटं दिवसवार आणि बरेचदा वेळेच्या टप्प्यांत विकली जातात. विक्री लॉसन तिकीटसारख्या जपानी संस्थळांवर असते आणि खातं उघडताना जपानी मोबाइल क्रमांक मागतात. भारतातला क्रमांक चालत नाही.

मार्ग तीन. एक, मेळ्याच्या पानावर परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा दुवा आहे का बघायचं, काही मेळे देतात. दोन, जपानात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून काढून घ्यायचं. पण मग तिकीट त्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये अडकणार नाही ना, हे आधी विचारा. कागदी तिकीट किंवा पुढे पाठवता येणारा क्यूआर कोडच उपयोगाचा. तीन, जपानात उतरल्यावर लॉसनच्या दुकानातलं लोप्पी यंत्र. पडद्यावर मेळ्याचा संकेतांक टाकायचा (तो मेळ्याच्या पानावर दिलेला असतो), दिवस आणि वेळ निवडायची, नाव काताकानात (परदेशी नावं लिहायची जपानी लिपी) टाइप करायचं, फोन क्रमांकाच्या जागी हॉटेलचा चालतो. यंत्रातून चिठ्ठी निघते. ती घेऊन ३० मिनिटांच्या आत गल्ल्यावर पैसे भरले नाहीत तर चिठ्ठी बाद होते आणि जागाही सुटते. आपल्या नावाचं काताकाना घरून निघण्यापूर्वीच फोनमध्ये लिहून ठेवा. यंत्रासमोर मागे चार माणसं उभी असताना 'क्ष' आणि 'ळ'चं काय करायचं हे सुचत नाही.

दारावरच्या तिकिटावर भिस्त ठेवू नका. सकाळचा पहिला टप्पा आधीच संपतो. जपानी पानावर 'माएउरी' म्हणजे आगाऊ तिकीट, 'तोजित्सु' म्हणजे त्या दिवशीचं. 'साइन्यूजो फुका' दिसलं तर एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेत नाहीत. जेवण, बाथरूम, पैसे काढणं सगळं आधी उरका.

झरणी

जायचं कसं हेही एका ठिकाणी असू दे. पॅसिफिकोसाठी शिबुयाहून तोक्यू तोयोको मार्गाची थेट गाडी, मिनातोमिराई स्टेशनवर उतरायचं, तिथून पाचेक मिनिटं. जेआर पास असणारे साकुरागिचोला उतरतात, ते अंतर दुपटीहून जास्त आहे. र्यूत्सू सेंटरला काही असेल तर हामामात्सुचोहून मोनोरेल, पण प्रत्येक थांब्यावर थांबणारी. हानेदाची जलद गाडी पकडलीत तर थेट विमानतळावर जाल. ताइतोकान असाकुसा स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. बिग साइटला युरिकामोमे किंवा रिनकाई मार्ग.

मोठी बॅग घेऊन जाऊ नका. मेळ्यात चाकांची बॅग घेऊन फिरणं शक्यच नसतं आणि जवळच्या स्टेशनांवरचे मोठे लॉकर सकाळीच भरतात. पाठीवरची सॅकसुद्धा आत पुढे घ्यायची पद्धत आहे. टेबलं कमरेइतक्या उंचीची, त्यावर सुटे कागद. वळताना सॅकने अर्धं टेबल साफ होतं.

वहीचं_पान

रांगांबद्दल कुणीच बोललं नाही अजून! सगळा खेळ तर तिथेच आहे.

मेळ्यात तीन रांगा असतात आणि तिन्ही वेगळ्या. पहिली दारातली. दुसरी लोकप्रिय टेबलांची. तिथे गर्दी झाली की 'सेइरिकेन' म्हणजे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, त्यावर छापलेल्या वेळेला परत यायचं. तिसरी आणि सगळ्यात वेळखाऊ, पैसे भरायची. काही मेळ्यांत टेबलावर पैसे घेतच नाहीत. टोपलीत माल गोळा करायचा आणि शेवटी सामाईक गल्ल्यावर उभं राहायचं. कामीहाकू किंवा पेन शोमध्ये प्रत्येक टेबलाचा हिशोब वेगळा. यातली कुठली पद्धत आहे ते आधी कळलं पाहिजे, कारण त्यावर सगळा क्रम ठरतो. सामाईक गल्ला असेल तर भराभर गोळा करून लवकर रांगेत लागायचं. पैसे भरल्यावर निवांत बघत बसा, हरकत नाही. वेगवेगळा हिशोब असेल तर आधी मर्यादित मालाची टेबलं गाठायची, बाकीचं नंतर.

आणि रांग नेमकी कुठे संपते हे डोळ्यांनी ठरवू नका. शेवटच्या माणसाच्या हातात 'साइकोबी' लिहिलेली पाटी असते. मधे मोकळी जागा दिसली तरी ती वाट ठेवलेली असते, रांग पलीकडे वळलेली असते. आपण 'जागा दिसली, उभे राहिलो' असं केलं की कुणी ओरडत नाही, पण सगळे बघतात.

बोरू

वहीचं_पान यांच्या क्रमाशी सहमत, पण 'भराभर गोळा करा' या सल्ल्याशी नाही. तासभर रांगेत उभं राहून लोक काय घेतात? साधी जेटस्ट्रीम पेनं, कॅम्पस वही, माइल्डलायनर हायलायटर. हे सगळं लॉफ्ट आणि हँड्स या दुकानांमध्ये त्याच किमतीला, रांगेविना मिळतं. मेळ्यातून तेच घ्यावं ज्यावर 'काइजो गेन्तेई' (फक्त इथेच) किंवा 'सेनको हानबाई' (बाजारात यायच्या आधी) लिहिलंय. किंवा ज्या छोट्या कारागिराचं दुकानच नाही त्याचं. साधं 'गेन्तेई' (मर्यादित) पाहून भुलू नका. ते मोसमापुरतंही असतं आणि तोच माल पुढच्या आठवड्यात दुकानात येतो.

मेळ्याचा खरा फायदा विकत घेण्यात नाही, हाताळण्यात आहे. एकाच छताखाली शंभर कागदांवर तीच निब फिरवून बघता येते. हे कुठल्या दुकानात होणार?

वहीचं_पान

@बोरू, हाताळायला वेळ उरला पाहिजे ना! पहिल्या दिवशी सकाळी गेलात तर मर्यादित माल असतो पण कोपर टेकवायला जागा नसते. शेवटच्या दिवशी दुपारी जागा मिळते आणि टेबलांवर 'कानबाई' म्हणजे 'संपलं'च्या पाट्या असतात. दोन्ही एका तिकिटात साधत नाही. तुम्हाला हाताळायचं असेल तर शेवटच्या दिवशी जा, खुशाल.

बोरू

मान्य. निदान लोकांनी आपण कशासाठी चाललोय ते ठरवून दिवस निवडावा.

मिनातो

हाताळण्यावरून: चाचणीसाठी ठेवलेल्या वस्तूवर 'शिहित्सु' किंवा 'मिहोन' लिहिलेलं असतं, तेवढ्यालाच हात लावायचा. फाउंटन पेन चालवून बघताना जोर नको. आपल्याकडे बॉलपेनची सवय असल्यामुळे मनगट दाबतं आणि मऊ सोन्याच्या निबेच्या पाकळ्या फाकतात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, उरुशीच्या पेनावर ओरखडा उठला तर किंमत ऐकून घाम फुटेल. काचेच्या पेनाने शाई बघताना प्रत्येक रंगानंतर पाण्याच्या भांड्यात बुडवून, पुसून मग पुढची बाटली. फोटो काढण्यापूर्वी 'शाशिन दाइजोबु देस का' एवढं विचारायचं. चित्रकारांच्या टेबलांवर बरेचदा नकार मिळतो आणि तो रास्त आहे.

कर्वेनगरकर

पैसे रोख न्यावेत की कार्ड चालतं?

मिनातो

दोन्ही. सामाईक गल्ल्यावर कार्ड, क्यूआर, सुइका (रेल्वेचं प्रीपेड कार्ड) चालतात. छोट्या टेबलांवर रोखच सुटसुटीत, तीही १००० येनच्या नोटांत. १०,०००ची नोट काढलीत तर कारागिराच्या डब्यातली सगळी चिल्लर संपते. आदल्या दिवशी सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढा. भारतीय कार्डं तिथे सहसा चालतात, पण कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवायला विसरू नका, ते बहुतेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये बंद असतात. सुइकात एका वेळी २०,००० येनपेक्षा जास्त रक्कम राहत नाही, त्यामुळे पेन घ्यायला ती पुरणार नाही. जुलै २०२४पासून नव्या नोटा आल्या आहेत. जुन्याही चालतात, पण काही यंत्रं एकाच प्रकारच्या घेतात.

झरणी

करमाफीबद्दल सांगून टाकते, कारण यावर गैरसमज फार. पर्यटकाला मिळणारी १० टक्के उपभोग कराची माफी ही परवाना असलेल्या दुकानातच मिळते, किमान ५००० येनच्या (कर सोडून) खरेदीवर आणि मूळ पासपोर्ट दाखवून. मेळ्यातल्या तात्पुरत्या टेबलांवर ती नसतेच असं धरून चाला. १ नोव्हेंबर २०२६पासून पद्धत बदलते आहे: दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना कस्टम्सकडे खरेदीची खातरजमा झाल्यावर कर परत. खरेदीपासून ९० दिवसांत बाहेर पडावं लागेल. याचा व्यवहारातला अर्थ असा की विमानतळावर वस्तू दाखवायची वेळ येऊ शकते. महाग पेन चेक-इन बॅगेच्या तळाशी पुरून ठेवू नका. आणि जपानात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी पाहुण्याच्या पासपोर्टवर आपली खरेदी करू नये, तो नियमभंग आहे.

म्हणूनच बोरू म्हणतात ते पैशाच्या दृष्टीनेही बरोबर. कंपनीचं महाग पेन करमाफीच्या दुकानातून, मेळ्यातून कारागिराचं काम.

सप्तरंगी

मला फक्त वह्या आणि प्लॅनरचे कागद घ्यायचे आहेत. आकारात काही गोंधळ होतो का? घरी बाइंडर आहे, त्याला भोकं जुळतील का?

टीपकागद

गोंधळ होतो, आणि बहुतेकांना तो घरी आल्यावर कळतो. A मालिका जगभर सारखीच. B मात्र नाही. जपानी B5 १८२ × २५७ मिमी, आंतरराष्ट्रीय B5 १७६ × २५० मिमी. म्हणजे तिथली B5 वही इथल्या किंवा युरोपी B5 कव्हरात बसणार नाही, ६-७ मिमीने अडेल. A5 आणि A6 डोळे झाकून घ्या.

भोकं: जपानी सुट्या पानांची बाइंडर B5ला २६ भोकांची आणि A5ला २० भोकांची, दोन भोकांतलं अंतर ९.५ मिमी. आपल्याकडच्या दोन कड्यांच्या फायलीशी याचा संबंध नाही. कागद घेणार असाल तर बाइंडरही तिथलीच घ्या. सहा कड्यांच्या प्लॅनरमध्ये 'बायबल' आकार ९५ × १७० मिमी, 'मिनी ६' त्याहून लहान आणि 'एम ५'ला पाचच कड्या. घरच्या प्लॅनरमधलं एक कोरं पान खिशात घेऊन जा आणि टेबलावर लावून बघा, मोजपट्टीपेक्षा ते खात्रीचं. ट्रॅव्हलर्स नोटबुकचा मोठा आकार ११० × २१० मिमी, तो कुठल्याच मालिकेत बसत नाही, त्यामुळे आतल्या वह्या त्याच्यासाठीच केलेल्या हव्यात.

आखणी: 'ए' आखणी ७ मिमी, 'बी' ६ मिमी. रोमन अक्षरांना ६ पुरतं. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार-ऋकार, मधे जोडाक्षर उभं रचायचं असेल तर ६ मिमीत ओळी एकमेकींवर चढतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी 'ए' आखणीच घ्यावी, किंवा ५ मिमीचे चौकोन घेऊन दोन-दोन चौकोनांत लिहावं.

कोकणपट्टी

वजनाचा हिशोबही करा लोकहो. A5चं एक पान ०.०३१ चौरस मीटर. ८० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) कागदाची १०० पानांची (२०० पृष्ठांची) वही नुसत्या कागदाची २५० ग्रॅम भरते. अशा दहा म्हणजे अडीच किलो, वर पुठ्ठे. तोमोए रिव्हरचा ५२ ग्रॅमचा कागद असेल तर तीच वही १६० ग्रॅमच्या आसपास. तोमोए रिव्हर हलका आहे म्हणून प्रवासाला बरा. आता तो सानझेन ही कंपनी करते, जुन्या तोमोएगावाच्या कागदाहून हाताला किंचित वेगळा लागतो.

पण कोकण, गोवा, मुंबईवाल्यांसाठी सूचना. तोमोएवर शाई आधीच सावकाश वाळते, पावसाळ्यात तर हाताला लागेपर्यंत ओलीच राहते. टीपकागद (इथले धागाकर्ते नव्हे, खरा) जवळ हवा. जुलैत हवेतला दमटपणा कागदाच्या लेपात शिरला की तीच शाई जी जानेवारीत धारदार होती ती फुटायला लागते. हातातला घाम आणि तेल कागदाला लागलं तिथे शाई धरतच नाही. मनगटाखाली एक कोरा कागद ठेवून लिहायचं. साठवण झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. रोजच्या लिखाणाला एमडी पेपर, लाइफ किंवा त्सुबामेच्या वह्या जास्त सोसतात.

वाशी टेपचंही तसंच. एमटी या ब्रँडची साधी टेप १५ मिमी रुंद, ७ मीटर लांब. उघडी ठेवली की दमट हवेत कडेच्या गोंदावर धूळ बसून काळी रेघ येते.

सप्तरंगी

खूपच उपयोगी! दोन-दोन चौकोनांची कल्पना आवडली. आता शायांचं सांगा, त्यात तर अजून बुडायला होतं म्हणतात.

झरणी

जपानीत याला 'इंकु नुमा' म्हणतात, शाईची दलदल, त्यामुळे बुडणं अपेक्षितच आहे.

शाई उचलण्यापूर्वी बाटलीवर तीन गोष्टी बघा. 'गानर्यो' म्हणजे रंगद्रव्याची, पाण्याने न जाणारी. सेलरची किवागुरो, प्लॅटिनमची कार्बन या अशा. पेनात वाळली की निघत नाही, म्हणून रोज चालणाऱ्या पेनातच भरायची. 'सेनर्यो' म्हणजे साधी, विरघळणाऱ्या रंगाची, धुऊन जाते. आणि 'गारासुपेन यो' किंवा 'त्सुकेपेन यो' असेल तर ती बुडवून लिहायच्या पेनासाठीच. मेळ्यांत चमकीच्या सुंदर शाया दिसतात त्यांतल्या बऱ्याच या जातीच्या. फाउंटन पेनात भरल्या तर चमकीचे कण फीडच्या (निबेखालचा, शाई पुरवणारा भाग) बारीक खाचांत बसतात आणि पेन कोरडं पडतं.

मोठी बाटली घेण्याचा मोह आवरा. पायलटची इरोशिझुकु ५० मिलीची आहे, तशीच १५ मिलीचीही मिळते. सेलरच्या इंक स्टुडिओत १०० रंग आहेत, २० मिलीच्या बाटल्यांत. दुकानांच्या खास शाया, उदाहरणार्थ कोबेच्या नागासावाची कोबे इंक, ५० मिलीच्या. बारीक निबेने लिहिणाऱ्याला ५० मिली संपता संपत नाही.

कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी नळी) पायलट, सेलर, प्लॅटिनम तिघांचे वेगळे, एकमेकांत बसत नाहीत आणि आपल्याकडच्या प्रमाण आंतरराष्ट्रीय कन्व्हर्टरच्या पेनांतही बसत नाहीत. पायलटचं पेन घेतलंत तर त्याचा कॉन-४० किंवा कॉन-७० तिथेच घ्या. कॉन-७० लांब असतो, प्रत्येक पेनात मावत नाही. विकणाऱ्याला पेन दाखवून विचारा.

बोरू

निबेबद्दल माझे दोन शब्द. जपानी एफ (बारीक निब) ही युरोपी एफहून बारीक, साधारण युरोपी ईएफच्या (अतिबारीक) जवळ. देवनागरीला जपानी एफ किंवा एमएफ (मध्यम-बारीक, पायलटकडे एफएम) उत्तम. ७ मिमीच्या ओळीत जपानी बी (जाड) वापरलीत तर 'ष', 'ध', 'भ' यांच्या पोटातल्या जागा भरून जातात. ईएफ खरखरते, कारण शिरोरेखा आडवी लांब ओढताना कागदाचे तंतू टोकाला लागतात.

पेन शोमध्ये निब घासून देणारे असतील तर सकाळीच नाव नोंदवा, जागा दुपारपर्यंत संपतात. कंपन्यांची 'पेन क्लिनिक'ही असतात, मोठ्या दुकानांतही भरतात, स्वतःच्या कंपनीच्या पेनांसाठी सहसा मोफत, एका माणसाला ठरावीकच पेनं. नेहमीच्या शाईने भरलेलं पेन न्या. आणि बसल्यावर इंग्रजीत नाव लिहून दाखवू नका, मराठीत चार ओळी लिहा. कारागीर तुमचा कोन आणि ओढ बघून घासतो. इंग्रजी लिहिताना बऱ्याच जणांचं पेन वेगळं धरलं जातं. सुलेखनवाल्यांनी रोमन इटॅलिक काप मागू नये. आपल्या बोरूचा काप त्याच्या उलट कलता असतो, तिरपा कुठे हवा ते चित्र काढून दाखवा.

पायलट पॅरलल या सुलेखनाच्या पेनांसाठी मेळ्यात वेळ घालवू नका. १.५, २.४, ३.०, ३.८, ४.५, ६.० मिमी अशा सगळ्या रुंदी कुठल्याही मोठ्या दुकानात असतात.

कर्वेनगरकर

शाईच्या बाटल्या विमानात? केबिनमध्ये चालतात?

कोकणपट्टी

१०० मिलीच्या आतली बाटली, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावत असेल तर नियमाने चालते. पण बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँगला विमान बदलणार असाल तर तिथे पुन्हा तपासणी, आणि तपासणाऱ्याला शाईचा संशय येऊ शकतो. चेक-इन बरं. बांधणी अशी: झाकण घट्ट करून त्याच्या सांध्यावर इलेक्ट्रिकची टेप झाकण आवळण्याच्या दिशेने दोन वेढे. उलट दिशेने गुंडाळलीत तर ओढताना झाकणच सैल होतं. मग झिप पिशवी, हवा काढून. मग पायमोजा. मग बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत, उभी. खोका टाकायचा नसेल तर चपटा करून वेगळा आणा.

पेनं केबिनमध्ये, निब वर. एकतर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा वर गेल्यावर फुगते आणि शाई बाहेर ढकलते. ड्रॉपरने भरायची आपली एबोनाइटची पेनं यात सगळ्यात वाईट, ती रिकामीच न्या. काचेचं पेन कडक डबीत, केबिनमध्ये.

कटर, कातरी, कोरायच्या सुऱ्या फक्त चेक-इन. शहरातही वेष्टन न फोडता पिशवीच्या तळाशी ठेवा. कारणाशिवाय ६ सेंटिमीटरहून लांब पातं बाळगणं जपानात गुन्हा आहे, लहान पात्यावरूनही चौकशी होऊ शकते. पावती जवळ असू द्या.

वहीचं_पान

सुटे कागद, स्टिकर, पोस्टकार्डं यांसाठी A4ची कडक फाइल हातात असू द्या, पिशवीत कोपरे दुमडतातच. वेष्टनाचे मोठे कागद नळीत. पिशवीचे पैसे पडतात, कापडी घेऊन जा.

शिक्के उमटवायला स्वतंत्र वही न्या, जाड कोऱ्या पानांची. तोमोएवर शिक्का मारलात तर शाई वाळत नाही, समोरच्या पानावर उलटा ठसा उमटतो.

सप्तरंगी

फ्रिक्सन पेनं घ्यायची का? भाचरांनी यादीत लिहून दिलीय.

टीपकागद

घ्या, पण सांगून द्या. ती शाई ६० अंशांच्या वर अदृश्य होते. घासल्यावर पुसली जाते ती त्या उष्णतेनेच. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर वही राहिली तर पानं कोरी होतील. फ्रीझरमध्ये ठेवली तर अक्षरं बऱ्यापैकी परत येतात, पुसलेलीसुद्धा. परीक्षेचा पेपर, चेक, सरकारी अर्ज यांवर अजिबात नाही.

कर्वेनगरकर

शेवटचा प्रश्न. मेळा झाल्यावर उरलेल्या अर्ध्या दिवसात काय जोडता येईल?

मिनातो

मेळा असाकुसात असेल तर तोएई असाकुसा मार्गावर पुढचंच स्टेशन कुरामाए. तिथे काकिमोरी हे दुकान: कव्हर, कागद, कडी निवडून वही बांधून देतात. गर्दीच्या दिवशी त्यालाही थांबावं लागतं, त्यामुळे आधी ऑर्डर देऊन मग फिरा. त्यांच्याच इंकस्टँडला स्वतःची शाई मिसळायची असेल तर आगाऊ वेळ घ्यावी लागते.

योकोहामात असेल तर परतताना तोयोको मार्गावरच नाकामेगुरो लागतं, तिथे ट्रॅव्हलर्स फॅक्टरी, म्हणजे ट्रॅव्हलर्स नोटबुकवाल्यांचं दुकान. ते राहिलंच तर नारिताच्या टर्मिनल १ मध्येही त्यांचं छोटं दुकान आहे. गिन्झातलं इतोया हे स्टेशनरीचं दुकान (१९०४चं) करमाफीच्या महाग खरेदीसाठी. मागच्या गल्लीतली त्यांची दुसरी इमारत विसरू नका. जुन्या पेनांना शिंजुकुतलं किंगडम नोट.

सामान हातात फार झालं तर हॉटेलवरून किंवा कोनबिनीतून (लॉसनसारखं छोटं दुकान) ताक्क्यूबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने विमानतळावर पाठवा. खोक्याच्या लांबी, रुंदी, उंचीची सेंटिमीटरमधली बेरीज म्हणजे त्याचा आकार: ६०, ८०, १०० असं. कागद जड असल्यामुळे वजनाची मर्यादा आधी गाठते, मोठ्या खोक्यापेक्षा दोन लहान करा. उड्डाणाच्या निदान दोन दिवस आधी द्या. शाई त्यात असेल तर खोक्यावर 'कोवारेमोनो' म्हणजे नाजूक मालाचं लेबल मागून घ्या.

कर्वेनगरकर

धन्यवाद मंडळी. नावाचं काताकाना लिहून ठेवलं. 'ळ'ला 'रु' केलंय.

झरणी

चालेल. मग पासपोर्टवरचं रोमन नावही त्याच्या शेजारी लिहून ठेवा, गल्ल्यावर कुणी विचारलंच तर दोन्ही एकदम दाखवता येतील.